इंग्रजीच्या तासाला मराठीला मज्जाव का?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अर्धवेळ कामासाठी मी एका कार्यालयात मुलाखतीला गेले होते. काम साधेच होते. येणारे फोन घ्यायचे आणि वहीत नोंदी करायच्या. मुलाखत घेणारे गृहस्थ सभ्य होते, मुद्दाम घाबरवणाऱ्यांपैकी नव्हते. घरचे, कॉलेजचे विचारून झाल्यावर त्यांनी इंग्रजीत विचारले, सध्या आणखी कुठे काम करता का? आदल्या वर्षी मी अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात संध्याकाळी काम करीत असे आणि परीक्षा जवळ आल्यावर ते सोडले होते. एवढेच सांगायचे होते. मनात मराठी वाक्य तयार होते : ‘मी दुकानात काम करायचं थांबवलं.’ तोंडातून बाहेर पडले ते असे : ‘लास्ट इयर आय स्टॉप्ड टु वर्क इन अ बुक शॉप, सर.’

गृहस्थांनी अर्जाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि चक्क मराठीत विचारले, ‘म्हणजे कॉलेज सोडलंत की काय? अर्जात तर दुसऱ्या वर्षाला आहे असं लिहिलंय.’

मी गोंधळले. हे कॉलेज मध्येच कुठून आले? मी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटले. (मोठ्याने म्हटले की इंग्रजी आपोआप बरोबर होते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे.) त्यांनी मान डोलावली, अर्जाच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिले आणि ‘कळवतो’ म्हणाले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात उजेड पडला. ‘स्टॉप्ड वर्किंग’ म्हणजे काम थांबवले. ‘स्टॉप्ड टु वर्क’ म्हणजे काम करण्यासाठी थांबले, दुसरे चालू असलेले काहीतरी थांबवले. त्या गृहस्थांना ऐकू आले ते असे, की दुकानात काम करता यावे म्हणून मी शिक्षण थांबवले. ते काम मला मिळाले नाही. याच एका वाक्यामुळे मिळाले नाही असे मी म्हणणार नाही. माझ्याहून चांगल्या मुली आल्या असतील. पण दोन मिनिटे का होईना, एका परक्या माणसाच्या नजरेत मी खोटे लिहिणारी मुलगी ठरले, आणि तेही एका ‘टु’पायी, ही गोष्ट काही केल्या मनातून जाईना.

गंमत अशी की हा नियम मला पाठ होता. इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरे क्रियापद आले, की दुसऱ्याला कधी ‘टु’ लागतो, म्हणजे ते इन्फिनिटिव्ह होते. कधी शेवटी ‘इंग’ लागते, म्हणजे ते जेरंड होते. कोणत्या क्रियापदामागून काय येते, याच्या याद्या असतात. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज यांच्यामागून ‘टु’. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट यांच्यामागून ‘इंग’. आणि स्टॉप, रिमेंबर, फरगेट, ट्राय, रिग्रेट अशा काहींच्या मागून दोन्ही, पण अर्थ बदलून. या तिन्ही याद्या माझ्या वहीत तीन रकान्यांत लिहिलेल्या आहेत. परीक्षेत गाळलेल्या जागा भरताना मला त्यांवर पूर्ण गुण मिळाले होते. मुलाखतीत गाळलेल्या जागा नव्हत्या.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. माझ्या पिढीची मुले बारावीपर्यंत बारा वर्षे इंग्रजी शिकून कॉलेजात येतात. बारा वर्षांत माणूस सनई वाजवायला शिकेल. आमच्यातले कितीतरी जण मात्र ‘आय एन्जॉय टु रीड’ म्हणतात, प्राध्यापक ते खोडून ‘रीडिंग’ करतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘टु रीड’ हजर! आळस, दुर्लक्ष, खेडवळपणा, मोबाइल अशी याची नाना कारणे सांगितली जातात. मला वाटते, खरे कारण निराळे आहे. ते सांगायचे तर मला आमच्या घरातल्या गॅसची गोष्ट सांगावी लागेल.

माझी आई सकाळी साडेसहाला घरातून निघते आणि नव्या पेठेत तीन घरी पोळ्या करते. निघायच्या घाईत तिला रोज एक धास्ती असते. दांडेकर पुलावर पोचली की कधीकधी तिचा फोन येतो, ‘अगं, गॅस बंद केल्याचं मला आठवत नाही. बघ जरा.’ मी उठते, चालत ओट्यापाशी जाते. गॅस बंद असतो. पण वर्षातून एखादे वेळी निराळा फोन येतो : ‘अगं, मी गॅस बंद करायला विसरले!’ तेव्हा मी धावत जाते.

आई चौथीपर्यंत शिकली. तिला जेरंड ठाऊक नाही, इन्फिनिटिव्ह ठाऊक नाही. पण ‘बंद केल्याचं’ आणि ‘बंद करायला’ यांतला फरक तिला इतका पक्का ठाऊक आहे की त्याच्यावर ती घर सोपवते. पहिल्या वाक्यात कृती झाली असेल, तिची आठवण नाही. दुसऱ्यात कृतीच झालेली नाही. आता हेच इंग्रजीत म्हणा. ‘आय डोन्ट रिमेंबर टर्निंग ऑफ द गॅस.’ ‘आय फरगॉट टु टर्न ऑफ द गॅस.’ घडून गेलेल्या कृतीला ‘इंग’. करायच्या राहिलेल्या कृतीला ‘टु’. वहीतल्या तिसऱ्या रकान्यातले जे कोडे मी पाठ करून करून थकले, ते आमच्या स्वयंपाकघरात रोज सुटत होते.

मग मला नादच लागला. तिसऱ्या रकान्यातले एकेक क्रियापद घ्यायचे आणि त्याला मराठीच्या दारात नेऊन उभे करायचे. रिग्रेट घेतले. नोकरी नाकारणाऱ्या पत्रात लिहितात, ‘कळविण्यास खेद वाटतो की’. हा झाला ‘रिग्रेट टु इन्फॉर्म’. आणि मैत्रिणीचे गुपित तिसरीला सांगून बसल्यावर आपण म्हणतो, ‘तिला सांगितल्याचं मला वाईट वाटतं.’ हा ‘रिग्रेट टेलिंग’. ट्राय घेतले. दार उघडत नाही, तेव्हा आपण ‘ढकलून पाहतो’. ढकलण्यात अडचण काही नसते, त्याने उपयोग होतो का एवढे पाहायचे असते. हे ‘ट्राय पुशिंग’. पण समोर मोठे कपाट असेल तर आपण ते ‘ढकलायचा प्रयत्न करतो’, कारण इथे ढकलणेच अवघड. हे ‘ट्राय टु पुश’. ‘गो ऑन’ घेतले. सभेत एखादे वक्ते ‘बोलत राहतात’, तेव्हा ‘गो ऑन टॉकिंग’. आणि शेतीवर बोलून झाल्यावर ‘पुढे जाऊन शिक्षणावर बोलतात’, तेव्हा ‘गो ऑन टु टॉक’. (पहिल्या प्रकारचे वक्ते अधिक भेटतात.)

आणि शेवटी माझे वैरी, स्टॉप. ‘तो चहा प्यायला थांबला.’ ‘तो चहा प्यायचा थांबला.’ पाहा, ‘ला’ आणि ‘चा’! एका अक्षरात पहिला माणूस टपरीवर उभा आहे आणि दुसऱ्याला बहुधा डॉक्टरांनी चहा बंद केला आहे. मराठी बोलणारे कोणतेही लहान मूल यांत चुकणार नाही. मग मी त्या कार्यालयात का चुकले? माझ्या मनातल्या वाक्यात ‘काम करायचं थांबवलं’ असेच होते, ‘काम करायला थांबले’ असे नव्हते. फरक मनात शाबूत होता. तो इंग्रजीत कसा न्यायचा, हे मला कोणी दाखवले नव्हते. कारण जिथे इंग्रजी शिकवले जात होते, तिथे मराठीला यायला बंदी होती.

ही बंदी आपल्याला चांगली ओळखीची आहे. ‘इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी.’ यामागे हेतू वाईट नाही, हे मी जाणते. मुलांच्या कानावर इंग्रजी पडावे, जीभ वळावी, म्हणून प्राध्यापक मंडळी धडपडतात. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना तो तास सुखाचाही जातो. त्यांच्या घरी चुकलेले वाक्य दुरुस्त करणारे कोणी असते. आमच्या घरात इंग्रजी पहिल्यांदा आणले ते मीच. तिथे माझी चूकही तशीच राहते आणि बरोबर आले तरी तसेच राहते. आमच्यासारखी मुले त्या तासाला गप्प बसतात. पण गप्प बसणे म्हणजे मराठीत विचार न करणे नव्हे. तोंडावर बंदी घालता येते, मनावर कशी घालणार? भाषांतर मनात चालूच असते. फक्त ते चोरून चालते, अंधारात चालते, आणि अंधारात केलेल्या कामात जशा चुका व्हायच्या तशा होतात.

त्या चुकाही कशा होतात ते पाहण्याजोगे आहे, कारण त्या वाटेल तशा होत नाहीत. सगळी खोडी आपल्या ‘ायला’ची आहे. ‘मला वाचायला आवडतं’, ‘मला वाचायला सांगितलं’, ‘मी वाचायला गेले’, ‘मी वाचायला लागले’, ‘मला वाचायला लावलं’. मराठीने पाचही ठिकाणी एकच रूप वापरले. इंग्रजीत मात्र ‘एन्जॉय रीडिंग’, ‘टोल्ड मी टु रीड’, ‘वेंट टु रीड’, ‘बिगॅन’ला दोन्ही चालतात, आणि ‘मेड मी रीड’ यात तर ‘टु’ही नाही आणि ‘इंग’ही नाही. आम्ही लहानपणी कधीतरी मनाशी ठरवून टाकतो की ‘ायला’ म्हणजे ‘टु’. पाचपैकी तीन ठिकाणी ते चालून जाते, म्हणून संशय येत नाही. ‘एन्जॉय टु रीड’ आणि ‘मेड मी टु रीड’ या चुका इथून जन्मतात. ‘एन्जॉय’पुढे शंभर वेळा ‘रीडिंग’ लिहून घेण्यापेक्षा ‘तुझा ायला तुला फसवतो आहे’ असे एकदा मराठीत सांगितले, तर माझ्या मते अधिक काम होईल.

आणि ‘ायला’ म्हणजे ‘टु’ हे आम्हांला सुचते, ते काही आमच्या मूर्खपणामुळे नाही. ‘करायला’ हे ‘करावयाला’ याचे झिजलेले रूप; त्यातला ‘ला’ तोच, जो ‘गावाला गेले’ यात आहे. इंग्रजीतला हा ‘टु’देखील मुळात दिशा दाखवणारा शब्द, जुन्या इंग्रजीत त्याच्यापुढे येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला चतुर्थीसारखा प्रत्यय असे. दोन्ही भाषांनी ‘कुठे जायचे’ याचा शब्द ‘काय करायचे’ यासाठी वापरला. ‘इंग’ची कुळकथा वेगळी. ते क्रियापदाचे नाम बनवणारे शेपूट, आपल्या ‘णे’सारखे. म्हणून घडलेली, अनुभवलेली, हातात धरून दाखवता येण्याजोगी गोष्ट ‘इंग’कडे ओढ घेते आणि अजून पुढे असलेली गोष्ट ‘टु’कडे. ड्वाइट बोलिंजर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६८ साली असाच काहीसा विचार मांडला होता. संस्कृत घेतलेल्या मित्रमैत्रिणींना हे ऐकून ‘पठितुम्’ आणि ‘पठनम्’ आठवतील. आमच्या वहीतल्या तीन रकान्यांच्या मागे इतका मोठा संसार आहे, याची कुणकुणही कोणी लागू दिली नव्हती.

आपल्या ‘णे’चा आणखी एक मोठा उपयोग आहे. त्याचे सामान्यरूप ‘ण्या’ होते आणि त्याला शब्दयोगी अव्यय लागते : करण्याआधी, करण्याऐवजी, करण्याबद्दल, करण्यात. इंग्रजीत तिथे प्रीपोझिशन येते आणि तिच्यामागून ‘इंग’ : बिफोर डूइंग, इन्स्टेड ऑफ डूइंग, अबाउट डूइंग, इन डूइंग. ‘ण्या’ दिसला की ‘इंग’ घ्यावे. एवढा सोपा दुवा! अपवाद ध्यानात ठेवायचा तो ‘साठी’चा. ‘तुम्हांला भेटण्यासाठी आले’ याचे ‘आय केम फॉर मीटिंग यू’ असे आपण सर्रास करतो; इंग्रजीला तिथे ‘टु मीट’ हवा असतो. उलट, अर्जाच्या शेवटी आपण सगळेच ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ लिहितो. इथला ‘टु’ हा क्रियापदाचा नव्हेच. तो साधा ‘कडे’ आहे आणि त्याच्यापुढे नाम हवे, म्हणून ‘मीटिंग’. मराठीत आपण तिथे काय म्हणतो? ‘आपल्या भेटीची वाट पाहत आहे.’ ‘भेट’ हे नामच! आपल्या भाषेने बरोबर उत्तर हातात ठेवलेले असते आणि आपण ते बाजूला सारून चुकीचे शोधायला जातो.

या याद्या मुळात कोणासाठी झाल्या, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजांच्या मुलांना त्यांची गरज नसते, जशी आईला गॅसच्या व्याकरणाची नाही. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवीत होते. जपानी मुले कुठे अडखळतात ते पाहून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रियापदांचे साचे लावले आणि त्यांच्या आधाराने कोश केला. तो आधी १९४२ साली जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. आज आपण टेबलावर ठेवतो त्या ऑक्सफर्ड लर्नर्स कोशाचे मूळ तेच. आपल्याकडे घरोघर पोचलेले व्याकरणाचे पुस्तक रेन आणि मार्टिन यांचे. त्यांतले रेन हिंदुस्थानात शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची साहसकथा लिहून प्रसिद्ध झाले. हे पुस्तक उत्तमच आहे, पण शिकणाऱ्याच्या तोंडी आधीपासून कोणती भाषा आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मराठी मुलगा आणि तमिळ मुलगा त्याला सारखेच.

वास्तविक, शिकणाऱ्याच्या भाषेला आत घेऊन शिकवण्याची रीत पुण्याला नवी नाही. मी ज्या दुकानात काम करीत होते, तिथून विश्रामबागवाडा जवळच. त्या वाड्यात १८२१ साली सरकारने संस्कृत पाठशाळा काढली; पुढे तीत इंग्रजीही आले आणि मेजर कँडी हे इंग्रज गृहस्थ तिचे प्रमुख झाले. हे कँडीसाहेब आणि मोल्सवर्थ यांनी मराठीचे कोश केले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, दुसरी आवृत्ती १८५७ची. कँडींनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. यांतला पहिला उघडून पाहा. प्रत्येक मराठी शब्द इंग्रजीतून समजावलेला आहे. म्हणजे साहेब मराठी शिकायला बसला, तेव्हा त्याने आपली इंग्रजी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवली नव्हती. मग आपणच इंग्रजी शिकताना मराठी बाहेर का ठेवायची?

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी तर १८३६ साली, वयाच्या बाविशीत, इंग्रजी व्याकरणाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून मराठीचे व्याकरण लिहिले. इंग्रजीच्या उजेडात मराठी पाहिली. मोरो केशव दामले (केशवसुतांचे धाकटे भाऊ) यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ काढले; धातूंपासून होणारी नामे, विशेषणे, अव्यये यांचा त्यात किती बारीक विचार आहे, ते मराठी विषय घेतलेल्या कोणालाही विचारावे. आणि एके काळी मराठी घरांत इंग्रजी आले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून : मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा. दुकानात असताना या पाठमालेच्या जुन्या प्रती कितीतरी वेळा माझ्या हातून गेल्या. बहुतेक आजोबांच्या वयाची माणसे ती मागत, नातवंडांसाठी. एकदा गिऱ्हाईक नसताना मी ती उघडून बसले आणि मालकांनी हाक मारीपर्यंत वाचत राहिले. वाक्ये जुनाट होती, राजे आणि घोडे पुष्कळ होते. पण पानाच्या दोन्ही बाजूंना दोन भाषा एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि आपले कोणीतरी तिथे आहे असे मला वाटले.

पुढे या भाषांतरपद्धतीची हेटाळणी झाली, आणि अगदीच विनाकारण झाली नाही. त्या रीतीने शिकलेली माणसे लिहीत सुंदर, पण बोलायची वेळ आली की घसा खाकरत. शिवाय आमच्या एका मॅडमनी माझा हा लेख कच्चा असताना वाचून नेमका आक्षेप घेतला : ‘अगं, तूच लिहिलंस की चुका भाषांतरामुळे होतात. मग भाषांतरच आणखी वाढवायचं?’ आक्षेप खरा आहे. माझे उत्तर एवढेच, की चुका भाषांतरामुळे होतात त्यापेक्षा अर्धवट भाषांतरामुळे होतात. मुलाखतीत मी ‘थांबवलं’चे इंग्रजी केले आणि ‘करायचं’चे केलेच नाही; तिथे सवयीचा ‘टु’ ठोकून दिला. ‘करायचं’ आणि ‘करायला’ यांत फरक आहे, तो तिकडे ‘इंग’ आणि ‘टु’ यांच्या रूपाने दिसतो, हे कोणी एकदा फळ्यावर मांडले असते, तर माझी जीभ तिथे क्षणभर तरी थबकली असती. मॅडम हसल्या, पण ‘पटलं’ म्हणाल्या नाहीत, हेही नमूद करते.

मराठीची किल्ली प्रत्येक कुलपाला लागते असेही माझे म्हणणे नाही. ‘सजेस्ट’पुढे मी हात टेकले आहेत. आपण ‘जायचं सुचवलं’ म्हणतो, जायचे अजून पुढे आहे. सगळ्या हिशेबाने इथे ‘टु गो’ यायला हवा. इंग्रजी म्हणते ‘गोइंग’. ‘पोस्टपोन’चे तसेच, पुढे ढकललेली गोष्ट घडलेली कशी असेल? पण तिथेही ‘इंग’च. उलट ‘मॅनेज’चा अर्थ ‘करायला जमलं’, म्हणजे कृती झाली, तरी तिथे ‘टु’. अशा दहापंधरा हट्टी क्रियापदांसाठी यादी पाठ करण्याला पर्याय नाही. ती मी आनंदाने करीन. माझी तक्रार यादीबद्दल नाही. जिथे कारण सांगता येत होते तिथेही यादीच दिली, याबद्दल आहे. आज कोणी म्हणेल, मोबाइलमध्ये वाक्य घातले की दुरुस्त होऊन मिळते, मग हा खटाटोप कशाला? मिळते खरे. पण मुलाखतीच्या खुर्चीत मोबाइल पिशवीत बंद असतो.

इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, असे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी म्हटल्याचे आपण शाळेपासून ऐकतो. याच विष्णुशास्त्र्यांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली ती मराठीत, आणि १८८० साली टिळक, नामजोशी यांच्यासह शाळा काढली तिचे नाव ठेवले न्यू इंग्लिश स्कूल. त्यांना या दोहोंत भांडण दिसले नाही. त्यांचे वडील कृष्णशास्त्री आधी संस्कृतात मुरले आणि नंतर इंग्रजी शिकले. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे मराठी भाषांतर त्यांनी सुरू केले आणि मुलाने पुरे केले. बापलेकांनी मिळून एक भाषांतर करावे, ही कल्पनाच मला फार आवडते. आमच्याकडे ते आई आणि मुलगी मिळून चालले आहे, एवढाच फरक.

आता प्राध्यापक मंडळींकडे एक मागणे आहे. राग मानू नये. संपूर्ण तास मराठीत घ्या असे कोणी म्हणत नाही. तसे झाले तर तो इंग्रजीचा तास राहणार नाही. व्याकरणाच्या तासातली पंधरा मिनिटे द्या. फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहा, ‘चहा प्यायला थांबला’ आणि ‘चहा प्यायचा थांबला’, आणि मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना विचारा की यांत फरक काय. जे विद्यार्थी वर्षभर तोंड उघडत नाहीत ते उत्तर देतील, कारण हे उत्तर त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला येत नाही. मग इंग्रजी वाक्ये लिहा. आणि मराठीच्या प्राध्यापकांनी एखाद्या दिवशी दामल्यांचे व्याकरण घेऊन त्याच वर्गात यावे. दोन विभागांच्या खोल्यांमध्ये एक भिंत आहे, ती काही फार जाड नाही. सनावळी आणि टीपांसाठी आपण एकमेकांच्या वह्या घेतोच. व्याकरणासाठी प्राध्यापकांनी एकमेकांचे तास घेतले तर काय बिघडले?

हा लेख लिहिताना मी आईला विचारले, ‘समजा तुला कुणी म्हणालं, ती दुकानात काम करायला थांबली, तर तुला काय कळेल?’ ती पोळपाट पुसत होती. म्हणाली, ‘म्हणजे घरी यायला उशीर होणार.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘का गं, पुन्हा लागलीस का दुकानात?’